ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले: सोबत न्यावीत की आजीकडे ठेवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातली निम्मी घरे ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परतलेल्या लहान मुलांची वजने अंगणवाडीच्या तक्त्यावर खाली घसरलेली असतात. आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलांचेही फार वेगळे नसते. घरात हंगामाचे पैसे येत असताना असे का होते, आणि लोकांना मुले सोबत न्यायला सांगावे की मागे ठेवायला?

आधी पैशाचे बघू, कारण तिथेच समज चुकतो. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, जी उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती निघण्याच्या कितीतरी आधी मिळते. जुनी देणी, लग्न, दवाखाना, घराचे पत्रे यांत ती बहुतेक घरी निघण्यापूर्वीच संपलेली असते. पुढचे पाच-सहा महिने जी तोड होते ती त्या उचलीत वळती होत जाते. तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, हातात पडते ती आठवड्याची किंवा पंधरवड्याची खर्ची, आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून येणारे सुटे पैसे. कुटुंब सर्वांत जास्त राबते त्याच महिन्यांत त्याच्या हातात रोकड सर्वांत कमी असते. ज्यांच्यावर जुने कर्ज नाही, ज्यांची स्वतःची बैलजोडी आहे किंवा ज्यांची उचल फिटून हंगामाअखेर शिल्लक राहते, त्यांच्या मुलांच्या ताटात फरक पडतो. म्हणून सगळ्या गावाला एकच सल्ला देता येत नाही, घर पाहून बोलावे लागते.

पण पैसा हातात असला तरी दीड वर्षाच्या मुलाचे वजन आपोआप वाढत नाही. त्याला भरवणारे माणूस लागते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. थोडा हिशोब मांडतो. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिली मावते, म्हणजे एक मोठी वाटी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईचे दूध सोडून वरच्या अन्नातून रोज सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. वरणाचे पातळ पाणी दिले तर एका वाटीत शंभरही भरत नाहीत, चार वाट्या पाजल्या तरी भागत नाही. तीच अर्धी ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून वर एक चमचा तेल घातले, तर एका वेळी २०० ते २२५ जातात. असे तीन वेळा पोटात गेले की दिवस निघाला.

आता तळावरचा दिवस या तीन वेळांशी ताडून पाहा. आई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते आणि अंधारातच फडात (तोडणीच्या उसाच्या शेतात) जाते, तेव्हा मूल झोपेत असते. दुपारी ती फडात असते. संध्याकाळी गाडी भरायची असते. कोपीवर (तळावरच्या झोपडीत) परत येईपर्यंत मूल पुन्हा झोपलेले असते. टोपल्यात भाकरी आहे, पण त्या वयाचे मूल टोपल्यातून घेऊन स्वतः पोटभर खात नाही. तीन वेळांची एक वेळ होते आणि उरलेला दिवस चहा, बिस्किट आणि उसाच्या कांडीवर जातो. गावात आजीकडे ठेवलेल्या मुलाचे वेळापत्रक वेगळे असते, पण भरवणारा हात तिथेही कमी पडतो. म्हणूनच तुम्हाला दोन्हीकडे सारखीच घसरण दिसते.

तेव्हा न्यावे की ठेवावे याचे उत्तर आधी वयावर आणि मग माणसांवर ठरते.

सहा महिन्यांच्या आतले मूल आईपासून तोडू नये, याला अपवाद नाही. त्याला फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. तळावर नेमके हेच चुकते: आई फडात असताना मोठी बहीण रडणाऱ्या बाळाला पाणी किंवा साखरपाणी पाजते आणि जुलाब सुरू होतात. बाळ फडाच्या बांधावर सावलीत असावे आणि आईने दर दोन-तीन तासांनी उठून पाजावे. मोबदला टनावर असल्याने हे उठणे जोडीला महाग वाटते. ते निघण्याआधी नवऱ्याशी आणि सासूशी बोलून ठरवले तरच तळावर टिकते.

सहा महिने ते दोन वर्षे हे सर्वांत अवघड वय. माझा कल मूल सोबत नेण्याकडे आहे, कारण मागे ठेवले की अंगावरचे दूध एका दिवसात बंद होते आणि त्या जागी तेवढे सकस काही येत नाही. पण अट एकच: तळावर दिवसा सांभाळायला मोठे माणूस हवे. ते नसेल, मूल दीड वर्षाच्या पुढचे असेल, घरात हिंडती-फिरती आजी आणि दुभते जनावर असेल, तर मागे ठेवणे बरे ठरू शकते. दोन ते सहा वर्षांची मुले, अंगणवाडी नियमित उघडत असेल तर, शक्यतो गावातच. सहाच्या पुढची मुले गावातच, शाळेत आणि हंगामी वसतिगृहात.

आता सोबत नेणाऱ्यांसाठी.

पहिली तयारी पिठाची. दोन भाग गहू किंवा ज्वारी आणि एक भाग फुटाण्याची डाळ. धान्य मंद आचेवर खमंग भाजायचे, पूर्ण थंड करायचे आणि मगच दळायचे. गरम असताना दळून डब्यात भरले की आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत पीठ कोंदट होते. एका मुलाला रोज ६० ग्रॅम, म्हणजे सहा-सात सपाट मोठे चमचे, दोन वेळांत विभागून. महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम झाले. एकदम पाच महिन्यांचे करू नका. दोन महिन्यांचे पीठ न्यावे, उरलेले धान्य भाजून अख्खे ठेवावे आणि तिकडच्या गिरणीतून दळून आणावे. शेंगदाण्याचे कूट या पिठात आधीच मिसळू नये, ते खवट होते आणि सगळे पीठ वाया जाते. कूट आठ-दहा दिवसांपुरतेच करावे.

देताना पीठ उकळत्या पाण्यात किंवा दुधात चार-पाच मिनिटे शिजवायचे. दिवसभरात मिळून थोडा गूळ आणि दोन छोटे चमचे तेल घालायचे. एवढ्यात साडेतीनशेच्या घरात किलोकॅलरी होतात, बाकीचे भाकरी-वरणातून येतात. घट्टपणा बघायची सोपी खूण आहे: चमचा तिरका केला तर ओघळू नये. पेल्याने पाजता येते आहे म्हणजे ते पातळ आहे. दुसरे, हे पीठ मोठी माणसेही खातात. पहाटेपासून राबलेल्या माणसाला भूक असते, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून मुलाचा डबा वेगळा, झाकण घट्ट, आत कोरडा चमचा, आणि डबा कधी संपायला हवा ती तारीख आईला ठाऊक असावी. टीएचआरचे, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या पाकीटबंद आहाराचेही, असेच होते: ते ‘सरकारी पीठ’ म्हणून सगळ्या घरात वाटले जाते आणि २५ दिवसांचा पुडा आठवड्यात संपतो.

दुसरी तयारी सांभाळणाऱ्या बाईची, आणि पिठापेक्षाही ही मोठी. टोळीत आठ-दहा कोयते असतील तर लहान मुले पाच-सहा निघतात. त्यांच्यासाठी टोळीतलीच एखादी वयस्क बाई तळावर थांबावी आणि मूल असलेल्या प्रत्येक कोयत्याने खर्चीतून तिचा वाटा द्यावा. हे गावातच, मुकादमासमोर ठरले पाहिजे. तळावर पोचल्यावर ठरत नाही, कारण तोवर प्रत्येकाला टनाचा हिशोब दिसत असतो. तिला एवढेच काम नेमून द्यायचे: सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता भरवणे, हात धुऊन, प्रत्येक मुलाची वाटी वेगळी. एकाच ताटातून चार मुले जेवली की धाकट्याच्या वाट्याला काय गेले ते कुणालाच कळत नाही.

हे होत नाही म्हणून घरातली नऊ-दहा वर्षांची मुलगी नेली जाते. ती बाळ खेळवते, पण मान फिरवणाऱ्या बाळाला धीराने दहा घास जास्त भरवणे तिच्याकडून होत नाही. तेवढी समज तिच्याकडून मागणेच चुकीचे आहे. शिवाय तिचे स्वतःचे दुपारचे शाळेतले जेवण सुटते. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत असा निकष आहे. एक मूल सांभाळण्यासाठी दुसऱ्याचे पोषण आणि शाळा दोन्ही जातात. याबद्दल गावात स्पष्ट बोलायला हवे.

तिसरी गोष्ट तळाजवळची अंगणवाडी. स्थलांतरित मुलाला तिथल्या अंगणवाडीतून आहार मिळायला हवा, आणि पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल ॲपमध्ये) स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे. प्रत्यक्षात अडते ते असे: गावच्या सेविकेने नोंद हलवलेली नसते, म्हणून तिकडच्या सेविकेला मूल यादीत दिसत नाही. किंवा तळ वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरवर असतो आणि टोळी पंधरा दिवसांत फड बदलते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात सेविकेकडे बसून तीन कामे उरकून घ्यावीत: ट्रॅकरमध्ये नोंद, माता-बाल संरक्षण कार्डावर आजचे वजन, आणि आईच्या मोबाइलमध्ये सेविकेचा नंबर. तिकडे गेल्यावर टोळीतल्या एकाने सगळ्या मुलांची नावे एका कागदावर घेऊन जावे. एकेकटी आई गेली तर परत पाठवली जाते, सहा मुलांची यादी घेऊन गेले तर दखल घ्यावी लागते. फड लांब असेल तर तीन वर्षांखालच्यांचे टीएचआर एकदम घेऊन ठेवणे व्यवहार्य. तीन ते सहाच्या मुलांचा गरम आहार मात्र जागेवरच मिळतो, त्यामुळे तळावर नेलेल्या चार वर्षांच्या मुलाचे बहुधा नुकसानच होते.

पाणी आणि जुलाब यांवर फार लिहीत नाही. कॅनॉलचे किंवा शेतातल्या बोअरचे पाणी उकळून मगच मुलाला. ओआरएसची चार-पाच पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या गावातूनच न्याव्यात. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले की झिंकही थांबवतात, तसे करू नये. जुलाबात खाणे बंद करू नये, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. हंगामातली निम्मी घसरण या न भरून निघालेल्या आजारपणांची असते असे माझे मत आहे. लसींचे कार्ड सोबत हवेच: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत येतो आणि १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिवस ऐन हंगामात पडतो.

आता मागे राहिलेल्या मुलांकडे येऊ. इथे तुमच्या हातात जास्त आहे, कारण ही मुले तुमच्या गावातच असतात.

सगळ्यात आधी मोजा: एका आजीमागे किती मुले? तीन मुलगे-सुना फडात गेल्यावर एकेका आजीकडे पाच-सहा नातवंडे राहतात. आजीची माया कमी पडत नाही, पण तिचे गुडघे आणि डोळे थकलेले असतात. ती दिवसातून एकदाच चूल पेटवते. कालवण तिखट असते, लहान मूल दोन घास खाऊन उठते. मग रडू नये म्हणून चहा-बिस्किट, दुकानातला पुडा. सकाळी आठला आणि अकराला चहा-बिस्किट पोटात गेले की बाराच्या जेवणाची भूकच मरते. आजी म्हणते ‘खातच नाही’, आणि ते खरेही असते.

यावर साधे उपाय लागू पडतात. मिरची घालण्याआधी मुलाच्या वाटणीचे वरण-भाजी बाजूला काढणे. चहा बंद, किमान जेवणाआधी दोन तास नाही. सकाळच्या भाकरीतली अर्धी दुपारच्या चारला दुधात किंवा वरणात कुस्करून देणे, म्हणजे चूल पुन्हा पेटवावी लागत नाही. अंगावरचे दूध सुटलेल्या दोन वर्षांखालच्या मुलाला रोज ३०० ते ५०० मिली दूध हवे, वाटी-चमच्याने, बाटलीने नाही. अंडी मिळत असतील तर त्यातल्या कमी मापावर भागते. आई-वडिलांनी फोनवरून काकाच्या खात्यात एकगठ्ठा रक्कम टाकण्यापेक्षा दूधवाल्याला आणि किराणा दुकानदाराला थेट ठरलेली रक्कम द्यावी. काकाकडे आलेला पैसा घरच्या दुसऱ्या गरजेला लागतो. ती गरजही खोटी नसते, पण दूध राहून जाते.

मूल मागे ठेवायचे ठरलेच असेल तर निदान तीन-चार आठवडे आधी आजीच्या हातून जेवण सुरू करा. आई गेल्यावर पहिले पंधरा दिवस मूल खात नाही, रात्री दाराकडे बघत बसते. ते दुःख आहे, हट्ट नाही. अशा वेळी दामटून भरवू नये, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे आणि पंधराव्या दिवशी वजन बघावे.

रेशनकार्डाचा घोळ दोन्हीकडच्या मुलांना भोवतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. कार्ड कुठल्याही रास्त भाव दुकानात चालते आणि धान्य दोन ठिकाणी विभागूनही उचलता येते. सहा जणांच्या प्राधान्य कार्डाचे ३० किलो होतात. चौघे गेले असतील तर २० किलो तळाजवळ आणि १० किलो गावात, असे आधी ठरवा. नाहीतर जो आधी दुकानात पोचतो तो सगळे उचलतो आणि दुसरीकडे धान्य विकत घ्यावे लागते. आणखी दोन अडचणी: लहान मुलाचे नाव कार्डावर चढवलेलेच नसते, म्हणजे त्याचे ५ किलो बुडतात. आणि कोयता धरून किंवा वयाने झिजलेले अंगठे मशीनवर उमटत नाहीत. आजीच्या अंगठ्याची खात्री निघण्याआधी दुकानात करून घ्या. टीएचआरसाठी आता चेहरा ओळखून वाटप होते. चेहरा आईचा नोंदवलेला असेल आणि आई फडात असेल तर वाटप अडते. मूल आजीकडे राहणार असल्यास नोंद कुणाच्या नावाने ठेवायची हे सेविकेला आधीच विचारा.

वजनाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे सेविकाही फसतात. एप्रिलमध्ये मुलाचे वजन ऑक्टोबरइतकेच असले तर ‘घटले नाही, ठीक आहे’ असे लिहिले जाते. चौदा महिन्यांच्या मुलग्याचे मधले (साधारण निरोगी मुलाचे) वजन १०.१ किलो असते आणि वीस महिन्यांच्या मुलग्याचे ११.३. म्हणजे हंगामात सुमारे सव्वा किलो वाढायला हवे होते. वजन जागेवर राहिले म्हणजे सव्वा किलो मागे पडले. म्हणून निघताना आणि परतल्यावर एकाच काट्यावर, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन घ्या आणि फरक लिहा.

मधल्या काळासाठी दंडाची पट्टी आईलाच शिकवावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात मोकळा सोडून. पट्टी त्वचेला टेकावी, रुतू नये. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. खर्चीच्या दिवशी, दर पंधरवड्याला पाहावे. लाल आला किंवा दोन्ही पायांवर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. अशा वेळी घरचे पीठ वाढवून भागत नाही. दंड हिरवा असूनही मूल खुजे किंवा हडकुळे असू शकते, त्यामुळे पट्टी वजनाची जागा घेत नाही.

तुम्ही पंचायतीत आहात म्हणून तुमच्या वाट्याचे थोडक्यात. सप्टेंबरमध्ये सेविका, आशा आणि शिक्षक यांना एकत्र बसवून घरनिहाय यादी करा: कोण जाणार, सहा वर्षांखालची मुले कोणती, कोण सोबत, कोण मागे, मागे सांभाळणारे कोण आणि त्याच्याकडे एकूण मुले किती. जाणाऱ्या गर्भवतींचा रकाना वेगळा ठेवा. त्यांच्या लोहाच्या गोळ्या आणि तपासण्या तुटल्या की पुढचे मूल जन्मतःच हलके येते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो. त्यातून दंडाच्या पट्ट्या आणि घट्ट झाकणाचे डबे घेण्याइतके पैसे छोट्या गावातही निघतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल हे पाहा, आणि सुरू झाल्यावर रविवारी दुपारी तिथे जाऊन बघा. शाळेचे जेवण रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत नसते, वसतिगृह सकाळ-संध्याकाळचेच देत असेल तर त्या दिवशी पोरे दुपारी उपाशी राहतात.

टोळ्या परतल्या की पहिल्या आठवड्यात सगळ्या लहान मुलांचे वजन, उंची आणि दंड मोजून घ्या. लग्नसराई आणि जत्रा सुरू झाल्या की मुले पुन्हा विखुरतात. तीव्र कुपोषित निघालेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. आधी डॉक्टरी तपासणी, मग गरजेप्रमाणे ग्राम बाल विकास केंद्र (गावातले) किंवा पोषण पुनर्वसन केंद्र (रुग्णालयातले). बाकीच्यांसाठी एप्रिल-मेचे सहा-आठ आठवडे हाताशी असतात. आई घरी असते, तीन वेळा भरवता येते. जूनमध्ये पाणी गढूळ झाले आणि जुलाब सुरू झाले की ही संधी निघून जाते.